कोल्हारच्या पियानोची घुरघुर

फिलिप उजगरे नागापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी रेडिओ दुरुस्त करायचा. कान भलताच तिखट. शेजारचा पंखा कुरकुरला तरी त्याला घास गिळवत नसे. ताटावरून उठून तो तेल घालून यायचा. बायको मेरी म्हणायची, "लोकांच्या पंख्याला तेल, आणि माझं शिलाई मशीन चार महिने तसंच पडलंय."

बाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी त्याला कोल्हारहून पोस्टकार्ड आलं. तिथल्या लहानशा चर्चचे पाळक आसाराम लोखंडे यांचं. मायदेशी परत गेलेल्या अमेरिकन मिशनरी मिसबाईंनी आपला विजेवर चालणारा पियानो चर्चला दिला होता. तो चालू केला की इतका घुरघुरायचा, की गीत कुठलं चाललंय तेच कळत नसे. 'येऊन पाहावे' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

फिलिप एसटीने गेला. पियानो पंधरा-सोळा वर्षांचा जुना. आत तारा नव्हत्या, पोलादाच्या बारीक पट्ट्यांची रांग होती. हातोडी लागली की पट्टी थरथरायची आणि तिचा आवाज व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून मोठा होऊन बाहेर पडायचा. पियानो वाजवायच्या त्या शाळेतल्या रेबेकाबाई. त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि दिवसभर हलल्या नाहीत.

विजेची घुरघुर गाळणारे कंडेन्सर सुकले असणार, असं फिलिपने ऐकताक्षणी ठरवलं. त्याने सहाही बदलले. घुरघुर थोडी कमी झाली, तो समाधानाने परतला. पुढच्या आठवड्यात दुसरं पोस्टकार्ड हजर: 'स्थिती पूर्ववत.'

दुसऱ्या खेपेला त्याने अर्थिंग धरलं. चर्चच्या मागे कमरेइतका खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ घातलं आणि झाडलोट करणाऱ्या कडूबाईकडे दोन हंडे पाणी मागितलं.

"कशाला?" कडूबाईने विचारलं.

"खड्ड्यात ओतायला."

कडूबाईने हातातला झाडू खाली टेकवला. त्या वर्षी दुष्काळाने विहिरींचे तळ उघडे पडले होते, हंडाभर पाण्यासाठी बायका अर्धा दिवस घालवत होत्या. "म्या डोक्यावर पानी आनायचं, आन् तुमी ते मातीत जिरवायचं? पेटीला तहान लागलीया व्हय?"

जमीन ओली नसेल तर अर्थिंग धरत नाही, हे त्याने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. शेवटी पाळकांनी आपल्या घरचा एक हंडा दिला. तो ओतला, तरी पियानो घुरघुरतच होता. कडूबाईने रिकामा हंडा उचलून पाळकांच्या दारात नेऊन ठेवला, आणि ते फिलिपला फार लागलं.

तिसऱ्या खेपेला तो घरूनच चिडून निघाला. व्हॉल्व्ह बदलून पाहिला. प्लग उलटा करून पाहिला. चर्चमधली ट्यूबलाईट बंद करायला लावली. काही उपयोग होईना. त्यातच रेबेकाबाई काय चाललंय ते पाहायला पट्ट्यांवर वाकल्या आणि घुरघुर एकदम वाढली.

"बाई, जरा मागं सरता का? आधीच डोकं उठलंय."

त्या मागे सरल्या. घुरघुर उतरली.

फिलिपने हातातला पाना खाली ठेवला. "पुन्हा वाका."

"आत्ता तर म्हणालात मागं सरा."

"बाई, वाका हो."

त्या वाकल्या, आवाज चढला. फिलिपने स्वतःचा तळवा पट्ट्यांच्या वर धरला. पुन्हा तेच. म्हणजे भिंतीतल्या वायरींतून जी वीज वाहत होती तिची भणभण या पट्ट्या उघड्यावर पकडत होत्या, आणि जवळ आलेलं माणूस ती आणखी वाढवत होतं. त्याने पाळकांच्या घरून चहाचा पत्र्याचा ट्रे मागवला, तो वायरीने पियानोच्या लोखंडी सांगाड्याला जोडला आणि पट्ट्यांवर धरला. चर्च एकदम शांत झालं. बाहेर कुठेतरी कोंबडी बोलत होती, ती ऐकू आली.

मग त्याने बॅटरी लावून नीट पाहिलं. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना स्क्रूची रिकामी भोकं होती, एकूण सहा.

"इथं पत्र्याचं झाकण होतं," तो म्हणाला. "कुणी काढलं?"

पाळक खाकरले. पियानो आला तेव्हा आत उंदराने घर केलं होतं, म्हणून त्यांनीच तो उघडला होता. झाकण काही कामाचं दिसेना. पत्रा मात्र चांगला सरळ होता. त्यावर त्यांनी उपासनेच्या वेळा रंगवून घेतल्या आणि पाटी फाटकावर टांगली.

फिलिपने मनात हिशोब केला. तीन खेपा, सहा कंडेन्सर, कमरेइतका खड्डा. "पाळकसाहेब," तो शेवटी म्हणाला, "हे तुम्ही कार्डात लिहिलं असतंत तर?"

"तुम्ही विचारलं नाहीत, भाऊ," पाळक नरमाईने म्हणाले. ते खरं होतं, आणि म्हणूनच फिलिपला जास्त राग आला. आल्याबरोबर भोकं मोजायला हवी होती; तो आपल्या कानावर विसंबला होता.

पाटी उतरवली. सांगाड्याला उघडा पत्रा टेकावा म्हणून स्क्रूच्या जागचा रंग खरवडला आणि झाकण बसवलं. रेबेकाबाईंनी एक गीत सुरुवातीपासून वाजवलं. घुरघुरीचं नाव नव्हतं. फिलिप हत्यारं पिशवीत भरू लागला.

"भाऊ," रेबेकाबाई थांबून म्हणाल्या, "हा मधला सूर उतरलेला वाटतो."

तो उतरलेलाच होता. त्याच्या शेजारचाही. इतके दिवस घुरघुरीखाली दोन्ही झाकले गेले होते. पट्टीच्या टोकाला शिशाचा थेंब असतो. तो कानशीने किंचित घासला की सूर चढतो, पण एका केसाइतकं जास्त घासलं की पुन्हा पहिल्यापासून. फिलिपने पिशवी खाली ठेवली, आत्ताच बसवलेले सहाही स्क्रू काढले आणि कानशी शोधू लागला.

परतीची पाच वाजताची एसटी गेली. कडूबाईने न मागता त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "हे प्यायला हाय," ती म्हणाली.