कुत्र्याचं स्थळ जमवणारे अण्णा

कुत्रं दाखवण्याआधी देवरे अण्णा त्या घरच्या चपला बघत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात उभी हयात घालवलेले कळवणचे हे गृहस्थ निवृत्तीनंतर गंगापूर रोडला लेकीकडे राहत आणि ओळखीपाळखीच्यांना कुत्री मिळवून देत. मुलीसाठी स्थळ बघावं तशा त्यांच्या चौकशा चालत.

आमच्याकडे आले तेव्हाही दारातच थबकले. "ह्या धूळ बसलेल्या कोणाच्या?"

"बाबांच्या," मी म्हणालो. आई गेल्यापासून सहा महिने बाबा घराबाहेर पडले नव्हते, धड बोलतही नव्हते. मला ते बघवत नव्हतं. त्यांना सोबत म्हणूनच कुत्रं आणायचं घाटत होतं.

मी हौसेने मोबाइलवर हस्कीचा फोटो दाखवला. अण्णा उखडलेच. "बर्फातलं जनावर वैशाखात हितं भाजून काढता का?"

"मग अल्सेशियन?"

"लय हुशार. पण त्याला काम लागतं. तुम्ही नाय दिलं तर ते सोता शोधतं, मग तुमचा सोफा गेला. बीगल नाकामागं जातं, मालकामागं नाय. जात वाईट नसती हो, घर चुकतं."

माझ्या हौसेला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मला रागच आला.

रविवारी ते एक लॅब्राडोर कुत्री घेऊन आले. सहा वर्षांची, तोंडाशी पांढरी झालेली, नाव शेवंती. तिचे मालक परदेशी गेले होते. मला गुबगुबीत पिल्लू हवं होतं. माझं तोंड उतरलं.

"पिल्लू काकांना पाडंल," अण्णा हळूच म्हणाले. "हिचं हुंदडून झालंय." मग बाबांकडे वळून मोठ्याने, "काका, आठ दिवस ठेवून बघा. दोन टाइम फिरायची सवय हाय तिला. कोण नेणार?"

मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी डोळे वटारले.  शेवंती बाबांच्या पायाशी जाऊन सुस्कारा टाकून बसली. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "पट्टा कुठाय?"

आठव्या दिवशी सकाळी अण्णा आले, तेव्हा बाबा तिला घेऊन फिरायला गेले होते. घामेजून परतले आणि अण्णांना बघताच दारातच थांबले. पट्टा दोन्ही हातांनी धरून ओरडले, "ती कुठेही जाणार नाही! सांगून ठेवतो!"

आई गेल्यावर इतका मोठा आवाज घरात पहिल्यांदाच उठला. 

अण्णांनी टोपी सारखी केली. "मी तर चहाला आलो व्हतो, काका. बसा, दम घ्या."