बांधावर बसलेला माणूस

हा ब्लॉग माझ्या यजमानांचा. जुने वाचक त्यांना ओळखतात, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. हे पोस्टात नोकरीला होते. पेणला बरीच वर्षं, नंतर रोह्याला. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे आणि कुणी ज्याचे फोटो काढणार नाही त्याचे काढायचे. गच्चीवर वाळत घातलेले पोह्याचे पापड, सायकलला बांधलेली खाट, दाढी करता करता वर्तमानपत्र वाचणारं गिऱ्हाईक, कारखान्यात रांगेत उभे असलेले आणि अजून डोळे न रेखलेले गणपती. निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला आलो तेव्हा त्यांनी हा ब्लॉग काढला. रोज एक फोटो आणि त्याच्याखाली एक मत.

मतं जुन्या वळणाची. सरकारनं कमीत कमी द्यावं, माणसानं जास्तीत जास्त स्वतः करावं. सण रीतीनं करावेत, आवाजानं नाही. एकदा सरकारला घरात बसायला पाट दिला की ते उठत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. पुष्कळ जणांनी त्यांना जुनाट म्हटलं, पण मला त्यांची बहुतेक मतं पटत होती आणि अजूनही पटतात. बायकांच्या राखीव जागांबद्दल मात्र ते चुकत होते. तसं मी त्यांना स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलंही होतं. त्यांनी ते मत तसंच टाकलं.

ते गेल्याला आता तीन वर्षं झाली. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाचून. ब्लॉग चालवायला शिकले तीही अशीच. जुने फोटो मी एकेक करून पुन्हा वर आणते, पण त्यांच्या लिहिण्यातला एक शब्दही हलवलेला नाही. त्यांचा आवाज कुठं रेकॉर्ड केलेला नाही. बोलल्यासारखं जे काही उरलं आहे ते इथंच. म्हणून डिसेंबरात रोह्याहून मंदा नावाच्या बाईंचा निरोप आला तेव्हा रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

निरोप ह्यांच्या एका जुन्या फोटोबद्दल होता. फोटो पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या बांधाचा. उधाणानं बांध फुटलाय, माणसं हातोहात चिखल टाकून खांड बुजवतायत आणि एक माणूस बाजूला उकिडवा बसलाय, हात गुडघ्यांवर. ह्यांनी खाली लिहिलं होतं: "बाकीचे राबतात, एक बसून बघतो. गावात अनुदान आलं की असा एक बसणारा तयार होतो. बसून खाणाऱ्याला सरकारनं पोसू नये, गावानं तर मुळीच नाही."

मंदाचा निरोप एवढाच होता: "तो बसलेला माणूस माझा बाप आहे. फोटो राहू द्या. खालचं काढा."

मी उत्तर दिलं, "काढणार नाही. पण येऊन भेटते."

जानेवारीत निघाले. पेणला जायचं असेल तर थंडीत जा. हवा कोरडी असते आणि वालाच्या शेंगा आलेल्या असतात. स्वारगेटहून अलिबागची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, ह्यांना हे मुळीच आवडलं नसतं. (मी घेतलं.) खोपोलीला गाडी थांबते तिथं वडा खा, पण चहा पेणपर्यंत लांबवा. स्टँडवरच्या चहात आलं जास्त असतं आणि ते मला हवं असतं.

स्टँडजवळ साधी लॉज आहे. खोलीत पंखा, बादली, स्वच्छ चादर. एकट्या बाईला काही अडचण नाही. मॅनेजरनं फक्त विचारलं, "गणपतीची ऑर्डर द्यायला आलात काय?" पेणला बाहेरचा माणूस बहुतेक त्यासाठीच येतो. संध्याकाळी कारखान्यांच्या गल्लीतून चालले. जानेवारीतही मूर्ती चालूच. पांढऱ्या, रंग न चढलेल्या. ह्यांना त्या अशाच आवडायच्या. पूर्वी आम्ही राहायचो त्या चाळीच्या जागी आता मोठी इमारत आहे. खाली पापडांचं दुकान आहे, तिथून मिरगुंडं घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाच्या वासानं, असं दुकानदाराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडखळच्या दिशेनं विक्रम रिक्षात बसले. रस्त्यावर धूळ फार, तोंडाला बांधायला रुमाल ठेवा. माझ्या शेजारी डोलवीला शिफ्टला चाललेली दोन मुलं होती.

"काकी, कंपनीत कोन हाय तुमचा?"

"कुणी नाही. बांध बघायला चाललेय."

"बांध?" तो दुसऱ्याला म्हणाला, "आयला, आपल्याला बांधावरून पळायचं हाय आन या बघायला चालल्यात."

मी हसले. दोघंही हसले. उतरताना त्यातल्या एकानं माझी पिशवी खाली दिली.

फाट्यावरून गावापर्यंत चालत गेले. एका बाजूला कापणी झालेली भातखाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मध्ये तो बांध. फोटोत असतो त्याहून उंच वाटला. ही शेती खाडीकडून घेतलेली. बांध आहे तोवर शेत. बांध फुटला की खारं पाणी आत, मग दोन-तीन वर्षं भात नाही. हे सगळं मला ह्यांनी पूर्वीच सांगितलेलं, पण तिथं उभं राहिल्यावर पायांना कळतं.

वाल तोडणाऱ्या दोन बायका होत्या. मी पिशवीतून फोटोची प्रत काढून दाखवली.

"अगो, ह्यो तर जोमादादा!" थोरली म्हणाली. "आन ह्यो मागं चिकल टाकतोय तो बग तुजा नवरा, कसला बारीक व्हता!"

"आता काय कमी बारीक हाय? खातो कुठं?" धाकटी म्हणाली.

मी विचारलं, बांधावर कामाला कोण जातं?

"घरटी एक मानूस. उधान आला, खांड पडली का हाळी देतात. ज्याच्या घरचा मानूस नाय आला त्याच्या दारात दुसऱ्या दिशी सगला गाव जाऊन बोलतो. मंग पानी पन नको वाटतं त्याला."

"आणि सरकारी अनुदान?"

"येतं कवा कवा. पानी त्याच्या आदी येतं."

दोघी खो खो हसल्या. हे वाक्य ह्यांनी ऐकलं असतं तर त्यावर एक फोटो नक्की काढला असता.

"मग हा जोमा बसलाय का?"

थोरलीचं हसणं थांबलं. "त्यालाच इचार. तो लेकीकडं हाय, रोह्याला." आणि माझ्या ओच्यात शेंगा टाकल्या.

परतताना माझं मन घट्ट झालं होतं. घरटी एक माणूस, असा नियम. तो आला आणि बसला. म्हणजे हजेरी लावली आणि काम दुसऱ्यांवर टाकलं. ह्यांनी चूक काय लिहिलं? मंदाला काय सांगायचं ते मी विक्रममध्ये बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी पेणहून रेल्वेनं रोह्याला. स्टेशन गावापासून थोडं बाहेर आहे, रिक्षा करा. गाडीला गर्दी नव्हती, तिकीट चहाच्या दोन कपांपेक्षा फार जास्त नाही. नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर डोंगर आणि वालाची शेतं. पुष्कळ मंडळी रोह्याला उतरून कोलाडला होडीतून उड्या मारायला जातात. मला त्यातलं काही सांगता येणार नाही. मी कुंडलिकेच्या काठी पुलाजवळ थोडी बसले. निवृत्तीच्या दिवशी आम्ही दोघं तिथंच बसलो होतो. मग मंदाच्या घरी गेले.

मंदा चाळिशीची, ताठ. जावई कंपनीतून रात्रपाळी करून झोपलेला, म्हणून तिनं ओट्यावरच सतरंजी टाकली. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"तुम्हीच व्हय त्या?"

"मीच."

"तुमच्या मालकांना पेन्शन होती ना?"

"होती. मलाही अर्धी मिळते."

"मग बसून कोण खात होतं, बाई? माझ्या बापानं एक दिवस सरकारचं खाल्लं नाय."

मला राग आला. चाळीस वर्षं नोकरी केल्यावर पेन्शन मिळते, बसून नाही. हे मी बोलणार होते, तेवढ्यात आतून तिचे वडील आले. बारीक, वाकलेले, डोक्याला मफलर. मी उठून नमस्कार केला. ते म्हणाले, "बस गो बाय. वाच काय लिवलंय ते."

"बाबा, तुम्ही गप रवा."

"मला कलू दे तरी."

मी वाचलं. माझा आवाज जरा चढाच लागला, ह्यांच्यासारखा. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"मानूस बरोबर बोललाय," ते म्हणाले. "बसून खानाऱ्याला पोसू नये. मी पन ह्येच बोलतो. ही माजी पोरगी बोलते, बाबा तुमी लय कडक."

"मग तुम्ही का बसला होता?"

"सुतक व्हतं."

मला पटकन अर्थ लागला नाही. मंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई गेली त्याचा तिसरा दिवस होता."

जोमादादांनी सावकाश सांगितलं. चांगुणाला ताप आला आणि ती गेली. तिसऱ्या दिवशी उधाणानं खांड पाडली, हाळी आली. सुतकातल्या माणसानं बांधाच्या मातीला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. पण घरचं माणूस तर गेलंच पाहिजे. "कोन बोललं नसतं, नाय गेलो असतो तरी. पन घर बंद जालं असं वाटलं असतं. चांगुना व्हती तवर आमचं घर कदी चुकलं नाय. मी पेनला गेलेलो असलो का ती जायची, पदर खोचून. म्हनून गेलो. माती लावता येत नाय, तर बसलो. पानी भायेर जाईपर्यंत बसलो."

ओट्यावर ऊन आलं होतं. मी फोटोकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला त्यात एक आळशी माणूस दिसत होता.

हे कधीच कुणाला विचारून फोटो काढायचे नाहीत. "विचारलं की माणूस शर्ट नीट करतो," म्हणायचे. त्यामुळंच त्यांचे फोटो खरे आहेत. आणि त्यामुळंच हा चुकला. रीत पाळावी, गावाचं काम गावानं करावं, घराचा वाटा कुणी चुकवू नये, हे सगळं जे ते आयुष्यभर लिहीत आले ते त्या बांधावर त्यांच्यासमोर बसलं होतं. दोन पावलं पुढं जाऊन नाव विचारलं असतं तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं मत त्यांनी त्या फोटोखाली लिहिलं असतं.

आणि एक. हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मीही अशीच बसले होते, हात गुडघ्यांवर. येणारे म्हणत होते, काहीतरी कर, मन रमव. कुणी माझा फोटो काढला असता तर खाली काय लिहिलं असतं कोण जाणे.

"चांगुणाबाईंचा फोटो आहे का?" मी विचारलं.

"नाय," मंदा म्हणाली. "आईनं कधी काढूनच दिला नाय. लाजायची."

"ह्यो हाय की," जोमादादा म्हणाले. फोटोतल्या स्वतःवर त्यांनी बोट ठेवलं. "ह्यात मी तिच्यापायीच बसलोय. ह्यो तिचाच."

मंदा उठून आत गेली. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली. बरोबर तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. जेवताना तिनं एकदाच विचारलं, "मग खालचं?"

"घरी जाऊन बघते," मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही, पण वाढणं तिनं थांबवलं नाही. निघताना मी फोटोची प्रत त्यांच्याकडेच ठेवली. जोमादादा म्हणाले, "तिचं नाव लिव खाली."

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. मिरगुंडं तळून संपली, वालाच्या शेंगांचे दाणे पेरायला ठेवलेत. काल दुपारी कॉम्प्युटरसमोर बसले. त्या फोटोखालचे ह्यांचे शब्द काढले. पहिल्यांदाच. त्या जागी लिहिलं, "चांगुणा जोमा म्हात्रे यांच्या सुतकात, तिसऱ्या दिवशी, घराच्या वतीनं." मंदाला कळवलं. तिनं दोन जोडलेले हात पाठवले.

पण ह्यांचं मत मी फेकलेलं नाही. ते मला पटतं, जोमादादांनाही पटलं. त्याला फक्त दुसरा फोटो हवा होता. शोधता शोधता जुन्या पाकिटात एक सापडला. ह्यांच्या कॅमेऱ्यानं मी काढलेला एकुलता एक. भर दुपारी आरामखुर्चीत हे गाढ झोपलेत, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, मांडीवर पेन्शनचं पासबुक. तो वर लावला. खाली त्यांचेच शब्द, एकही न बदलता: "बसून खाणाऱ्याला सरकारनं पोसू नये."

हे असते तर दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी स्वतःच ओळखीच्या प्रत्येकाला बोलावून दाखवला असता. फोटो चांगला आलाय. विचारून काढलेला नाही.