अवेट काढ

"हिला थांबायची सवयच आहे," सर म्हणाले. "हिचे आजोबा आमच्या आजोबांच्या देवडीवर उभे असायचे. आता ही कोडच्या ओळीओळीत अवेट लिहिते, 'थांब, थांब'."

देवासचं ऑफिस. सगळे हसले. कोणीतरी दाद दिली, "भोत सई, भिया."

मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

सर आमचे टीम लीड. घराणं दरबारी अधिकाऱ्यांचं. माझं शिक्षण हिंदी शाळेतलं, म्हणून चारचौघांत माझं मराठी दुरुस्त करायचे. स्वतःच्या टेस्ट, म्हणजे ॲप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र दुरुस्त करायचे नाहीत.

पीथमपुरच्या कारखान्यांच्या शिफ्ट बसचं ॲप आमच्याकडे होतं. सीट मागितली की सर्व्हर जरा वेळाने उत्तर देतो. तोवर हातात फक्त प्रॉमिस, नुसतं वचन. टेस्टने त्या उत्तरासाठी थांबायचं असतं. त्यासाठीच अवेट. सरांच्या टेस्ट थांबतच नव्हत्या. उत्तर यायच्या आत संपायच्या आणि पास व्हायच्या. सगळ्या हिरव्या. सगळ्या खोट्या. पिढ्यान्‌पिढ्या शिक्क्यावर जगलेलं घराणं. अजून शिक्काच पुरतो.

माझी आई धारहून पीथमपुरला औषधांच्या पॅकिंगला जाते. एका सकाळी तिच्या मोबाइलवर 'सीट पक्की' आलं. बसच्या यादीत नाव नाही. तिने मोबाइल दाखवला. कंडक्टर म्हणाला, "तो मोबाइल में बैठ के चली जाओ, माताजी."

आई रस्त्यावर राहिली. शिफ्ट गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांची एक टेस्ट उघडली. सर्व्हर बंद पडला तर सीट नाकारली जाते का, हे तपासणारी. कायम हिरवी. एक अवेट घातला. लाल झाली. सर्व्हर बंद असतानाही आमचं ॲप 'सीट पक्की' सांगत होतं.

सरांना दाखवलं. आईचंही सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अवेट काढ. उद्या कंपनीच्या मालकांना हिरवं दाखवायचंय."

"नाही काढणार."

"आधी मराठी शीक. 'काढणार नाही' म्हणतात."

"काढणार नाही," मी म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही.

त्यांच्या सगळ्या टेस्टमध्ये अवेट घातला. निम्मी यादी लाल झाली. तशीच मालकांना पाठवली, खाली माझं नाव लिहून. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. विचारायलाही जाणार नाही.

थांबायचं ते टेस्टने. तुमच्या देवडीवर आमच्यातलं कोणी आता थांबणार नाही. वाक्य बरोबर आहे, सर. तपासून घ्या.