सुनेची भूक

“अजून घे गं, अंगाला लागंल,” असं म्हणत काकी वाढायच्या, आणि आपण नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत ताटात आणखी एक चपाती पडलेली असायची. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. त्यांच्यापुढे पोट भरलं हे कारण चालत नाही.

पुनावळ्यात आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घराण्याची. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. अंगानं चांगल्या भरभक्कम. जिना चढताना धाप लागली की स्वतःच हसून म्हणायच्या, “खात्यापित्या घरची हाय मी.” खाली माझी हिंजवडीची कॅब हॉर्न वाजवत असली, तरी हातात काहीतरी कोंबल्याशिवाय त्या मला सोडत नसत. माझ्या वाढलेल्या वजनाचं निम्मं श्रेय त्यांचं. उरलेलं ऑफिसच्या खुर्चीचं.

अशा बाईच्या घरी सून आली ती काडीसारखी. गाल बसलेले, हातापायांवरच्या शिरा लांबून दिसाव्यात अशा. साहजिकच भावकीत कुजबुज सुरू झाली की सासू पोरीला खायला घालत नाही. काकींना ते फार लागलं. त्यांनी डिंकाचे लाडू वळले, भातावर तुपाची धार धरली, सायीचं दूध पेल्यानं पाजलं. सूनही सगळं संपवायची, आणि जेवून उठली की पुन्हा डब्यांकडे वळायची. तिची भूक पाहून काकी हरखून जायच्या. पण खाल्लेलं काही केल्या अंगाला लागेना.

एका सकाळी ती पोट धरून स्वयंपाकघरातच खाली बसली. नवरा चाकणला फर्स्ट शिफ्टला गेलेला, म्हणून मीच गाडी काढली. दवाखान्यात तिचं रक्त घेतलं, तर नळीत वर दुधावर साय धरावी तसा पांढरा थर जमला. स्वादुपिंडाला सूज आली होती, साखरही चढलेली. पोरगी हाताला लागते की नाही, हेच कुणी सांगेना. काकी बाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत.

ती धोक्यातून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. चरबी म्हणजे नुसतं ओझं नव्हे, म्हणाल्या. जेवणातलं जास्तीचं तेलतूप ती आपल्याकडे ठेवून घेते, शिवाय मेंदूला, यकृताला, साऱ्या अंगाला निरोप धाडत असते. हिच्या अंगात ती जन्मापासूनच अपुरी आहे. त्यामुळे खाल्लेलं तूप जाऊन बसतं रक्तात आणि यकृतात, आणि आता पोट भरलं हा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. भूक तिची खरीच असते, पण ती भागवली तर जिवावर बेतेल.

 काकी म्हणाल्या, “म्हंजी मीच इख घातलं तिला.”

तुम्हाला कसं कळणार होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते काकींच्या कानात शिरलं असं वाटलं नाही. त्या स्वतःच्या दंडाकडे बघत होत्या.

“माझ्यातली काढून हिला घालता येत न्हाई का? माझ्याकडं लई पडून हाय.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अजून तरी तसं होत नाही, एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर काकींनी सुनेच्या जेवणाचा ताबा घेतला. सारखं वाढत सुटणारी ही बाई आता तिच्यासमोर ताट घेऊन बसायची, तिच्यासारखंच बिनतेलाचं जेवायची. ठरलेलं संपलं तरी सुनेचा हात पातेल्याकडे जायचा.

“पुरे आता, बाळा.”

“आत्या, भूक आहे अजून.”

“ठावं हाय मला. तुझं अंग सांगत न्हाई ना, म्हणून मी सांगतीय.”

सून मान खाली घालून उठायची. काकी मग ताटावर बसून राहायच्या, पण घास घेत नसत.

भावकीतल्या एका लग्नात, भर पंगतीत काकींनी तसंच पुरे म्हटलं. झालं, सगळ्यांना हवं ते मिळालं. सुनेच्या तोंडचा घास काढणारी म्हणून त्यांचं नाव झालं, तेही अख्ख्या गावाला जेवू घालणाऱ्या बाईचं. मला इतका राग आला की मी सगळ्यांना खरं काय ते सांगायला निघाले होते. पण सुनेच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं, आणि आजाराचा बोभाटा नको म्हणून सुनेनं हात जोडले होते. काकींनीच मला थांबवलं. म्हणाल्या, “बोलू दे. पोरगी हाय ना माझ्यासमोर.”

गेल्या हिवाळ्यात काकी दुपारच्या आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर सून आणि मी शेवटी जेवायला बसलो. तिनं आपलं ठरलेलं तेवढंच वाढून घेतलं होतं. ते संपलं. हात पातेल्याकडे गेला आणि मधेच थांबला. मी माझ्या ताटाकडे बघत राहिले.

“ताई,” ती म्हणाली, “मला तेवढं ‘पुरे’ म्हणता का?”

 ती तशीच थांबली होती, उष्टा हात हवेत धरून. अखेर मी म्हटलं एकदाचं. काकींसारखं काही ते जमलं नाही, मला रडूच आलं. पण ती उठली, आणि हात धुवायला गेली.