मागच्या बाकावरच्या मोठ्या बाई

शाळेत कोणी पाहुणा बोलायला आला, की मोठ्या बाई त्याला आपली खुर्ची द्यायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये सरकून बसायच्या. बाई अंगानं भरलेल्या. कडेच्या पोराचं अर्धं अंग बाकाबाहेर यायचं, तरी त्या उठायच्या नाहीत. विम्याचे एजंट आले, साखर कारखान्याचे शेती अधिकारी आले, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, बाईंची जागा तीच. पाहुण्याचं बोलणं संपलं की मागून आवाज यायचा, "आता इचारा." कोणी उठेना झालं तर त्या स्वतः हात वर करायच्या, अगदी आमच्यासारखा, आणि पाहुण्याचं लक्ष जाईपर्यंत तो खाली घ्यायच्या नाहीत.

आमचं हायस्कूल राधानगरीच्या वरच्या अंगाला. तिथंच बारावीपर्यंतचे वर्ग. बाई मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई. त्यांचं खरं नाव दाखल्यावर सहीच्या खाली छापलेलं असायचं, तेवढंच. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि व्हरांड्यात आल्या की आमच्यासारखं हाय-न्हाय. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बाकीचे शिक्षक बोलणं सोडून फळ्यावर लिहायला लागायचे. बाईंचं तास घेणं चालूच राहायचं आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकूही यायचं.

त्यांची एक सवय मला फार उशिरा समजली. पालक सही करायला आले की बाई कागद त्यांच्या पुढ्यात सरकवायच्या नाहीत. पर्समधला चष्मा काढायच्या, पुसायच्या आणि म्हणायच्या, "नंबर बदललाय हो माझा. बघू मला वाचता येतंय का." मग सगळा कागद मोठ्यानं वाचायच्या. आठ-दहा वर्षं त्यांचा नंबर बदलत होता. वाडीवरच्या आयाबापांना वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. ते कुणालाही तोंडानं सांगावं लागू नये, एवढ्यासाठी ते सगळं.

माझी आई अशा आयांपैकीच. वडील मी लहान असतानाच गेले. आई दोन म्हशींवर आणि दुसऱ्याच्या भातलावणीवर घर चालवायची. बचत गटात तिला सही शिकवली होती. ती 'सुनंदा' एवढंच लिहायची आणि आडनाव यायच्या आत पेन ठेवून द्यायची.

मी बारावीला असताना आमच्या शाळेत मिल्ट्रीच्या भरतीची माहिती द्यायला पाहुणे येणार होते. हजेरीचे पट ठेवायला मी शिक्षकांच्या खोलीत गेलो, तेव्हा त्यावरूनच वाद चालला होता. इतिहासाचे सर म्हणत होते, सतरा वर्षांच्या पोरांना काय कळतंय, शाळेत असल्या लोकांना घेऊच नये. खेळाच्या सरांना राग आला होता. आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत, आणि त्यांनाच शाळेचं दार बंद करायचं का, असं ते विचारत होते. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं.

"माझा दादा मिल्ट्रीत होता," त्या म्हणाल्या. "त्यानं पैसं धाडलं म्हणून मी बी.एड. झाले. त्या कपड्याला मी न्हाय कसं म्हणू? आन् आपण नको म्हटलं तर पोरं त्यास्नी चहाच्या टपरीवर भेटतील. तिथं मी नसणार. हितं यिऊ द्या, मी मागं बसते."

पाहुणे दोन होते. एक भरती कार्यालयातले सुभेदार, कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. दुसरे कोल्हापूरच्या एका भरती अकॅडमीचे मालक. तेच जास्त बोलले. त्यांनी छाती कशी फुगवायची ते दाखवलं, गणवेशातल्या पोरांचे फोटो दाखवले आणि आत्ता नाही तर कधीच नाही, हे तीन-चार वेळा सांगितलं. वर्ग भारावून गेला होता. मी तर मनानं केव्हाच सीमेवरच्या बर्फात उभा होतो.

बाईंनी हात वर केला. ही भरती चार वर्षांची, त्यानंतर किती जणांना पुढं ठेवून घेतात, असं त्यांनी सुभेदारांना विचारलं. "चारातला एक, मॅडम," सुभेदार म्हणाले. "बाकीचे परत येतात." बाईंनी आभार मानले. आमच्यावर याचा काही परिणाम झाला नाही. चारातला तो एक आपणच, हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं.

जाताना अकॅडमीच्या मालकांनी एकेक संमतीपत्र वाटलं. परीक्षा संपली की थेट अकॅडमीत राहायला जायचं, पुढचं सगळं ते बघणार. वयानं लहान म्हणून पालकाची सही हवी, आणि कागद उद्याच शाळेत जमा करायचे. आम्ही अकरा जण तयार झालो. घरी विचारायचं तर कुणाची आई रडणार, कुणाचा बाप रानात, कुणाचा मुंबईला. वर्गात माझं अक्षर चांगलं होतं. मधल्या सुट्टीत मी अकरा पालकांच्या सह्या केल्या. आईची करताना मला थोडी लाज वाटली, म्हणून ती जास्तच मन लावून केली, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अकराही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि आम्हाला समोर उभं केलं.

"काय सुंदर अक्षर हाय गावच्या बापांचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं आमची शाळा काय कामाची न्हाय." मग माझा कागद उचलून त्या म्हणाल्या, "सुनंदाताई आडनाव कवापास्नं लिवायला लागल्या रं?"

मला वाटलं आता मार बसणार, नाहीतर नाव कमी होणार. बाईंनी दोन्ही केलं नाही. शनिवारी सगळ्या पालकांना बोलावलं, आणि निरोप धाडून दोन्ही पाहुण्यांनाही पुन्हा बोलावलं. फौजेत जाऊ नका, असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही कधी म्हणाल्या नाहीत.

शनिवारी आई म्हशींची धार काढून, चालत, लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन आली. पोरानं काय केलं ते तिला निरोप घेऊन आलेल्या शाळेच्या शिपायाकडून कळलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि नंबर बदलल्याचं सांगून ते संमतीपत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. आम्ही अकरा जणांनी ते तोवर वाचलंच नव्हतं. सही कुठं करायची, तेवढं पाहिलं होतं.

मधेच एक ओळ आली. शाळेचा मूळ दाखला आणि गुणपत्रिका वर्षभर अकॅडमीकडं जमा राहतील. बाई थांबल्या नाहीत, वाचत राहिल्या. पण आईनं हात वर केला. माझ्या आईला मी तसा हात वर करताना कधी पाहिलं नव्हतं.

"कागदं त्यास्नी दिली, आन् ह्यो काय भरतीत लागला न्हाय," ती म्हणाली, "तर मग कालिजात कशाच्या जिवावर जायचा?"

अकॅडमीचे मालक म्हणाले की ती नुसती पद्धत आहे, शिस्तीसाठी. मग ते बाईंकडं वळले. "बाई, देशसेवेला आडव्या येताय तुम्ही."

"आडवी न्हाय पावणं," बाई म्हणाल्या. "शेजारी बसलोय आम्ही. ऐकतोय."

तेवढ्यात सुभेदार खुर्चीतून उठले. भरतीसाठी मूळ कागद कुणाकडंही ठेवावे लागत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आईजवळ येऊन म्हणाले, "मावशी, एकवीसपर्यंत वय चालतं. पोराच्या हातात अजून तीन वर्षं आहेत." हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आई तेव्हा माझ्याकडं वळली. ती रागावली असती तर मी सोसलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मी न्हाय म्हणले असते व्हय रं?"

एवढ्या लोकांसमोर मी रडलो. बाईंनी सगळ्यांना चहा सांगितला.

अकरातले तिघे घरच्यांच्या खऱ्या सहीनं अकॅडमीत गेले. त्यांचे दाखले मात्र शाळेच्या कपाटातच राहिले, बाईंनी ते अकॅडमीला दिले नाहीत. पुढं तिघांपैकी एक जण भरती झाला. तो निघाला तेव्हा बाई एसटी स्टँडवर गेल्या, त्याला नारळ दिला आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी.ए. केलं. आमच्या वाडीत पदवी घेतलेला पहिला मीच. पण मिल्ट्री डोक्यातून गेली नव्हती. रोज सकाळी मी धावायचोच.

पदवीच्या शेवटच्या वर्षी वय संपत आलं. बाई तोवर निवृत्त होऊन कोल्हापुरात भाच्याकडं राहत होत्या. पायांना सूज, साखर वाढलेली. मी जाऊन विचारलं, अर्ज भरू का नको. त्यांनी भाच्याच्या बायकोला सांगून मला जेवायला घातलं आणि उत्तर काही दिलं नाही. दोनदा विचारल्यावर म्हणाल्या, "आता आईची सही लागत न्हाय तुला. तुझी तू कर."

मी अर्ज भरला. आईनं डोक्यावरून हात फिरवला. लेखी परीक्षेत पास झालो. मैदानावर सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत वेळ संपल्याची दोरी आडवी पडली, तेव्हा मी तिच्यापासून सात-आठ पावलं मागं होतो. शिट्टी वाजली आणि आम्हाला बाजूच्या दारानं बाहेर काढलं. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

बाई यंदा श्रावणात गेल्या. त्याआधी दोन आठवडे मी त्यांना भेटलो. त्या पलंगावर पडून होत्या. मैदानावरचं सगळं सांग म्हणाल्या. दोरी किती पावलांवर होती, पुढं कोण होतं, पायात काय होतं, एकेक विचारून घेतलं.

"रडलास?" त्यांनी विचारलं.

"एसटीत," मी म्हटलं.

"कुणावर चिडलास?"

मी आठवून बघितलं. अकॅडमीच्या मालकांवर नाही, आईवर नाही, बाईंवर नाही. सुभेदारांवर तर नाहीच.

"कुणावरच नाही," मी म्हटलं.

"मग झालं की," बाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून पडून राहिल्या.

पुढं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. सध्या पन्हाळ्याला एका कचेरीत कंत्राटावर काम करतो आणि अभ्यास करतो. आई विचारते, काय ठरलं बाळा? मी तिला सांगतो, ठरवतोय. आणि ठरवणारा आपणच आहोत, याची मला आता भीती वाटत नाही.