नाल्यावरची गुळवेल

माझ्या फजित्या मी चवीनं सांगतो. सरावलीत भलत्याच लग्नात जेवून, वर आहेरही देऊन आलो, तो किस्सा तर बायकोच पाहुण्यांसमोर सांगायला लावते. ही गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही — तिला तर मुळीच नाही.

तिच्या वडिलांचा ताप हटत नव्हता. गोळ्या चालूच होत्या, तरी ते म्हणाले, लखमीमावशीचा काढा आणा. मावशी डोंगराकडच्या पाड्यावरची. चार गावं तिच्याकडे औषधाला यायची. तिची रीत अशी, की गुळवेल घरच्या माणसानं आणायची — टेकडीवरच्या कडुनिंबावर चढलेलीच. आदल्या संध्याकाळी मुळाशी तांदूळ ठेवायचे, 'उद्या नेतो' म्हणून वेलीला सांगायचं.

वेलीशी बोलायचं? मी बॉयलर सांभाळणारा शहाणा माणूस — दोनदा टेकडी कशाला चढू? कुंभवलीत आमच्या कारखान्यामागे, नाल्याच्या कठड्यावर गुळवेल नुसती माजली होती. त्या नाल्याचं पाणी कधी तांबडं, कधी पिवळं. आम्ही कामगार त्यात हातसुद्धा धूत नसू. म्हणजे मला माहीत नव्हतं का? होतं. सुटी झाल्यावर वीत-वीतभर तुकडे कापले आणि डब्याच्या पिशवीत टाकले.

मावशीनं तुकडा नाकाशी धरला.

"निंबावरचीच हाय ना, जावईबापू?"

"तिथलीच," मी म्हणालो. वर तांदळाचीही थाप मारली — वेल लाजली म्हणालो. ती हसली. तिनं काढा उकळून दिला.

चौथ्या दिवशी सासऱ्यांची लघवी बंद झाली. आठव्या दिवशी ते गेले. तापानं की नाल्यानं — ते मला आजही ठाऊक नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलंत? सगळ्यांनी मावशीचं नाव घेतलं. मी तिथंच उभा होतो. मेव्हण्यांनी पाड्यावर जाऊन तिची मडकी फोडली. मग तिच्याकडे कुणी जाईनासं झालं.

परवा ती बोईसरच्या बाजारात रानभाजी विकताना दिसली. मी वाट बदलणार, तोच तिनं हाक मारली.

"खरं सांग. ती येल निंबावरचीच व्हती ना?"

"हो."

"मंग माझाच हात चुकला आसंल," ती म्हणाली, आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली.

मी — मान डोलावली.