बोरीचा पाला

दौंडला लेकीकडे मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "चाची, अम्मी गेली." पाठोपाठ म्हणाला, "मुनीरभाईंनी दौंडच्या बाईंना आणायला गाडी पाठवलीय, गुस्लसाठी. त्याच गाडीत तुम्ही पण या." रडायचं राहिलं बाजूला, अंगाची आगच झाली माझ्या. म्हटलं, गाडी रिकामी परत जाऊ दे. मी एसटीनं येते, आणि मी येईपर्यंत भाबीला कुणी हात लावायचा नाही!

त्याला आता दोन महिने झाले.

जैतूनभाबी माझी थोरली जाऊ. न्हावऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, आमची घरं थोडीच. गावातल्या आमच्या बायांची शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, वर्षानुवर्षं भाबीनंच घातली. त्या पाण्यात बोरीचा पाला उकळतात, म्हणून तिनं परसात बोर लावलेली. पोरं बोरं खायची, ही पाला राखायची. मय्यतीशी ती बोलायची बरं का... "हात दे गं माझे बाय. झालं, झालं. केस सोडवते हां." पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघायची. मी एकदा हसले, "भाबी, तिला आता काय चटका बसणाराय?" तर म्हणाली, "तिला कळत नसंल, वरच्याला तर कळतंय ना?"

पुढे थोरले दीर वारले आणि भाबी इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, असा आमच्यात नेम. दुसरा महिना चालू होता, आणि ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई तापानं गेली. आमच्यातलीच, पण परमुलखातली, मागं-पुढं बाईमाणूस कुणी नाही. तिचा नवरा आमच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला. भाबीनं बुरखा चढवला, लोटा घेतला, पाला तोडला. मी आडवी झाले, "भाबी, इद्दत हाय. लोक काय म्हणतील?"

"मग मय्यतीला थांब म्हणू का तीन महिने?"

फडाच्या कडेला लुगड्यांचा आडोसा करून तिनं त्या बाईला न्हाऊ घातलं, आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन आपल्या कोपऱ्यात बसली.

पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मुनीरभाईंनी मशिदीतला माइक हातात घेतला. मुनीरभाई म्हणजे मशिदीचे कारभारी, कपाळावर नमाजाचा घट्टा, बोटांत कायम तसबीची माळ. सख्ख्या बहिणीनं बापाच्या जमिनीतला, कुराणात सांगितलेला तिचा वाटा मागितला, तर तिला घराची पायरी बंद केलेला हा माणूस! "इद्दत मोडणाऱ्या बाईच्या हातचं गुस्ल आपल्या जमातीत चालणार नाही," म्हणाले. नाव घेतलं नाही, पण कर्ण्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत आला. पुढे मी शिरूरच्या एका म्हाताऱ्या मौलवींना विचारलं. म्हणाले, "गरजेला बाहेर पडायची मुभा आहे, बेटी. त्यात हे तर सवाबाचं, पुण्याचं काम." पण गावात विचारायचं कुणाला होतं?

तेव्हापासून दौंडहून बाई यायला लागली. पाला मात्र भाबीच्याच बोरीचा! मुनीरभाईंची आई गेली, तेव्हाही पाला न्यायला माणूस आला. ती म्हातारी भाबीला लेक म्हणायची... मी म्हटलं, काट्यांसकट दे. भाबीनं एकेक डहाळीचे काटे मोडून काढले, बोटं रक्ताळली. पाला गेला. ते हात घरीच राहिले.

हजला निघालेला माणूस आमच्यात दारोदार जातो, "कहा-सुना माफ करो" म्हणतो. मुनीरभाई आले ते गळ्यात हार घालून, मोबाइलवर शूटिंग चालू. भाबी तोवर खाटेला खिळलेली. म्हणाली, "माझं कवाच माफ हाय, भाई. त्या फडातल्या बाईला तेवढं विचारून जावा." मोबाइल खिशात गेला.

तर मी एसटीनं पोचले आणि भाबीला मीच न्हाऊ घातलं. कधी घातलं नव्हतं, नुसतं बघितलेलं. पाणी मनगटावर घालून बघितलं. "हात दे गं" एवढं म्हणाले, आणि तिचे केस सोडवायला घेतले...

चाळिसाव्याला मुनीरभाई परत आले. आता उमऱ्याला, म्हणजे छोट्या हजला, निघालेले. मला म्हणाले, "भाबी, कहा-सुना माफ करा."

म्हटलं, "ज्या माइकवर बोललात, त्याच माइकवर जुम्म्याला सांगा, जैतूनचे हात पाक होते. मग बघू."

"जुनं कशाला उकरता? त्यांनी तर माफ केलं होतं."

"ती जैतून होती. मी न्हाई."

तीन जुम्मे झाले. दर जुम्म्याला गॅस बारीक करून कान देऊन बसते. कर्ण्यावर पुष्कळ काही सांगतात, बायांनी कसं वागावं तेही सांगतात. तेवढं एक वाक्य काही येत नाही. बाया मला म्हणतात, माफ न करणं गुनाह आहे. असेल. माझा मी वर घेऊन जाईन.

परसात बोर उभी आहे, यंदा फांद्या वाकल्यात. मुनीरभाईंचंही वय झालंय. कधीतरी त्यांच्या घरचा माणूस पाला मागायला येईल. भाबीची रीत मी मोडणार नाही. लागेल तेवढा पाला देईन मुनीरभाई, काटे काढून देईन, पाणी कोमट ठेवा म्हणून सांगेन. माफी तेवढी मागू नका. ती माइकवर ठेवलीय.